पुणे विद्यापीठातील ग्रंथालयशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण: ते कसे उभे राहिले आणि त्यातले आज काय कामाचे आहे

पुण्यातील एका शाळेच्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या, वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या एका तरुणीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी करायची तर आधी दुसरी एखादी पदवी का लागते? पुणे विद्यापीठात हे शिक्षण आले कसे? आणि सगळी ग्रंथालये संगणकावर गेल्यानंतर त्यातील वर्गीकरण (पुस्तकाला विषयाप्रमाणे क्रमांक, म्हणजे वर्गांक, देणे) व तालिकीकरण (पुस्तकाची नोंद करणे) शिकण्यात वेळ का घालवायचा? मी पुण्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयात नोकरी केली आणि या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षे तालिकीकरणाची प्रात्यक्षिकेही शिकवली, त्यामुळे या तिन्ही प्रश्नांचे उत्तर मला एकत्रच द्यावेसे वाटते. माझे मत आधीच मांडते: हे शिक्षण चालत्या ग्रंथालयाच्या आत जन्मले आणि ग्रंथालयाच्या जितके जवळ राहिले तितके ते सकस राहिले. पदविकेची पदवी झाली, पदवीची पदव्युत्तर पदवी झाली, पुस्तकांच्या नोंदी असलेल्या पत्रकांच्या जागी संगणक आले. या प्रत्येक बदलाचे मोल करताना विद्यार्थ्याचा हात प्रत्यक्ष पुस्तकाला किती वेळ लागतो, हे पाहावे लागते.

या शिक्षणाचे मूळ पुण्याबाहेर आहे. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथपालांसाठी पहिली शाळा उघडली. तिथे शिकवलेल्या विल्यम बॉर्डन यांना सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बडोद्याला बोलावले. महाराजांना संस्थानभर फुकट वाचनालये उभी करायची होती, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवायच्या होत्या आणि त्यासाठी माणसे हवी होती. म्हणून १९११ मध्ये बडोद्यात प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. आपल्या देशातला तो पहिला. १९१५ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात एसा डिकिन्सन या दुसऱ्या अमेरिकी ग्रंथपालाने वर्ग सुरू केला आणि हा विषय प्रथमच विद्यापीठाच्या आवारात आला. दोन्ही वर्ग गरजेतून निघाले होते: आधी ग्रंथालय, मग त्याला लागणारा माणूस, आणि त्या माणसासाठी वर्ग. त्यांत शिकवले जाणारे तंत्र मात्र जवळजवळ जसेच्या तसे अमेरिकेतून आलेले होते, आणि आपल्या भाषांतील पुस्तकांचे काय करायचे, हा प्रश्न त्यात फारसा कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न मद्रासमध्ये विचारला गेला. गणिताचे अध्यापक असलेले शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन शिकून आले आणि परतल्यावर त्यांनी या कामाकडे शास्त्र म्हणून पाहिले. १९२९ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली उन्हाळी वर्ग सुरू केला, दोन वर्षांनी तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला आणि १९३७ मध्ये त्याची पूर्ण वर्षभराची पदव्युत्तर पदविका झाली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या निर्णयात आहे. रंगनाथनांचे म्हणणे असे होते की, पुस्तकाचा विषय ओळखता येत नसेल तर त्याला वर्गांक देता येणार नाही, आणि विषय ओळखायचा तर ग्रंथपालाने निदान एक विषय पदवीपर्यंत नेटाने शिकलेला असावा. रसायनशास्त्राचा पदवीधर, इतिहासाचा पदवीधर, वाणिज्याचा पदवीधर असे सगळे एका वर्गात बसले म्हणजे मिळून तो वर्ग एका ग्रंथालयाइतके विषय जाणतो. दुसरे कारण प्रतिष्ठेचे होते. विद्यापीठातला ग्रंथपाल अध्यापकांच्या बरोबरीने बसावा, वाचकाला मार्ग दाखवणारा असावा आणि केवळ पुस्तकांचा राखणदार म्हणून ओळखला जाऊ नये, यासाठी त्याचे शिक्षण पदवीच्या पुढचे असणे त्यांना आवश्यक वाटले. तेव्हा तुमची वाणिज्याची पदवी वाया गेली असे मुळीच समजू नका. हिशेबशास्त्र, बँकिंग, कंपनी कायदा या विषयांची पुस्तके तुमच्या हातून जास्त अचूक लागतील.

मद्रासनंतर आंध्र, बनारस, मुंबई, कोलकाता अशी एकेक विद्यापीठे या वाटेने गेली. मुंबई विद्यापीठाची पदविका १९४४ ची. दिल्लीत रंगनाथन स्वतः गेल्यावर तिथे पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. यांचीही सोय झाली, आणि १९५७ साली या विषयातली देशातली पहिली पीएच.डी. तिथूनच मिळाली.

पुण्याला यायला उशीर झाला, पण जमीन फार आधीपासून तयार होती. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ही १८४८ ची संस्था; तिच्या स्थापनेत लोकहितवादींचा पुढाकार होता. पुणे मराठी ग्रंथालय १९११ चे. भारत सेवक समाजाने १९०५ पासून जमवत नेलेला ग्रंथसंग्रह पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाचा पाया झाला. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये निघाले; एकाकडे मोडी कागद, दुसऱ्याकडे हजारो हस्तलिखिते. १९३९ साली मुंबई सरकारने असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली आणि तिच्या शिफारशींनुसार पुढे विभागीय ग्रंथालये निघाली, त्यांत पुण्याचेही होते. विश्रामबागवाड्यातले शासकीय ग्रंथालय जुन्या पुणेकरांना चांगले आठवत असेल. याच काळात शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची सूची तयार केली आणि नंतर १९५० पर्यंतचा दुसरा खंडही केला. एखाद्या सरकारी खात्याने हाती घ्यावे इतके मोठे काम त्यांनी चिकाटीने पार पाडले, आणि आजही एखादे जुने मराठी पुस्तक खरोखर छापले गेले होते का, हे तपासायचे तर आधी दात्यांची सूची उघडावी लागते. इतके सगळे शहरात असताना हे काम शिकवणारा विद्यापीठीय वर्ग इथे नव्हता. कोणी मुंबईला जाऊन पदविका करी, कोणी ग्रंथालय संघाच्या अल्पमुदतीच्या वर्गात शिके, आणि बाकीचे वरिष्ठांच्या हाताखाली काम करता करता तयार होत.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या नावाने पुढे ओळखले जाणारे विद्यापीठाचे ग्रंथालय त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाले, आणि १९५८ मध्ये विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. हे साल आपसूक आलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ मध्ये कायद्याचे अधिष्ठान मिळाले, पुढच्याच वर्षी आयोगाने रंगनाथनांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांसाठी समिती नेमली, आणि तिने ग्रंथपालांची पात्रता व वेतन अध्यापकांच्या पातळीवर आणण्याची शिफारस केली. तेव्हा पुणे विद्यापीठाचे कार्यक्षेत्र फार मोठे होते. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ निघेपर्यंत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर इथली महाविद्यालयेही पुण्यालाच जोडलेली होती. नवी महाविद्यालये निघत होती, अनुदानातून पुस्तके येत होती, आणि ती गठ्ठ्यांतून सोडवून वाचकापर्यंत नेणारा शिकलेला माणूस मिळत नव्हता. वर्ग निघाला तो ही मागणी समोर उभी होती म्हणून.

जयकर ग्रंथालयाच्या आधाराने हा वर्ग वाढला, याला मी फार महत्त्व देते. शिकवणाऱ्यांत प्रत्यक्ष ग्रंथालय चालवणारी माणसे असत. सकाळी ज्या माणसाने पुस्तक-खरेदीची बिले तपासली, तोच दुपारी ग्रंथनिवडीवर व्याख्यान देई, आणि त्याच्या बोलण्यात विक्रेत्याची सवलत, परत पाठवलेली सदोष प्रत, दाखल रजिस्टरमधला चुकलेला क्रमांक हे सगळे ओघाने येई. वर्षभरात वर्गीकरण, तालिकीकरण, ग्रंथालय व्यवस्थापन, संदर्भसेवा आणि ग्रंथसूचीशास्त्र इतके विषय असत, आणि वर्गीकरण-तालिकीकरणाची प्रात्यक्षिके ही विद्यार्थ्यांची खरी कसोटी ठरे.

त्या प्रात्यक्षिकात काय चाले ते थोडे सविस्तर सांगते, कारण तुमचा तिसरा प्रश्न त्यावरच आहे. विद्यार्थ्यासमोर पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ ठेवले जाई आणि साडेबारा सेंटिमीटर लांब व साडेसात सेंटिमीटर उंच अशा जाड पत्रकावर त्याने त्या पुस्तकाची मुख्य नोंद करायची असे. पत्रकाच्या तळाशी मध्यभागी सळईसाठी भोक, डावीकडे दोन उभ्या रेषा. कोणती ओळ पहिल्या रेषेपासून आणि कोणती दुसरीपासून सुरू करायची, हे ठरलेले. मग पूरक नोंदी: सहलेखक, अनुवादक, संपादक, मालेचे नाव, विषय. इथवर इंग्रजी पुस्तकांचे नियम पुरत. राम गणेश गडकऱ्यांची पुस्तके समोर आली की खरा अभ्यास सुरू होई. नाटके ‘राम गणेश गडकरी’ या नावाची, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाची, विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाचे. वाचक तिन्ही नावांनी विचारतो. तीन ठिकाणी तीन नोंदी केल्या तर एका लेखकाचे साहित्य विखुरते; सगळे गडकरी या नावाखाली नेले तर गोविंदाग्रजांच्या कविता मागणारा वाचक रित्या हाताने परत जातो. म्हणून एक नाव मुख्य ठरवायचे आणि बाकीच्या नावांखाली ‘पाहा’ अशी नोंद घालायची. मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर एकच, हे पत्रकाने सांगितले पाहिजे. लग्नाआधी एका आडनावाने आणि नंतर दुसऱ्या आडनावाने लिहिणाऱ्या लेखिका, आडनाव नसलेले संत, ‘केशवसुत’ अशा एकाच नावाने ओळखले जाणारे कवी, यांतल्या प्रत्येकासाठी विचार करावा लागे, आणि तो विचार करायला शिकवणारे पुस्तक लंडन-न्यूयॉर्कहून येणार नव्हते.

वर्गीकरणाचेही तसेच. ड्यूईंच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आहे, म्हणजे पुण्यातल्या एखाद्या मराठी वाचनालयातली बहुतेक कपाटे एकाच अंकाच्या पोटात जातात आणि पुढे काव्य, नाटक, कादंबरी असे अंक जोडत जावे लागते. धर्म या वर्गाची बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला दिलेली, आणि हिंदू धर्माला २९४.५ एवढा कोपरा. रंगनाथनांच्या द्विबिंदू पद्धतीत भाषा, साहित्यप्रकार, लेखक, कृती हे घटक सुटे करून क्रमाने मांडले जातात आणि लेखक त्याच्या जन्मवर्षावरून ओळखला जातो. गडकऱ्यांचा जन्म १८८५ चा, म्हणून त्यांच्या नाटकांचा वर्गांक ओ१५५,२एम८५: ओ म्हणजे साहित्य, १५५ म्हणजे मराठी, २ म्हणजे नाटक आणि एम८५ म्हणजे १८८५. त्यांच्या कवितांसाठी २ च्या जागी १ घातला की झाले. वि. स. खांडेकर १८९८ चे, तर त्यांच्या कादंबऱ्या ओ१५५,३एम९८. कपाटापुढे उभे राहून डावीकडून उजवीकडे चालत गेले की मराठी कादंबरी पिढीमागून पिढी उलगडत जाते. तुकाराम महाराजांच्या गाथेशी मात्र विद्यार्थी थांबत. त्यांचे जन्मवर्ष १५९८ मानायचे की १६०८? पहिले धरले तर जे९८, दुसरे धरले तर के०८, आणि शतक दाखवणारे अक्षरच बदलते. वर्गांक देण्यासाठी विद्यार्थ्याला चरित्रकारांचा वाद उघडून वाचावा लागे, कोणत्या आधारावर कोण काय म्हणतो ते पाहावे लागे आणि मग निर्णय घेऊन तो ग्रंथालयाच्या निर्णयवहीत लिहून ठेवावा लागे, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरा कोणी दुसराच अंक देणार नाही. पदवीधर माणूस का हवा, हे मला याहून चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

पुणे शहराने या वर्गाला पुस्तकांइतकीच मोलाची दुसरी गोष्ट दिली, ती म्हणजे वेगवेगळ्या स्वभावाची ग्रंथालये. भांडारकर संस्थेत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची कशी असते ते दिसे: छापील शीर्षकपृष्ठ नाही, लेखकाचे नाव पुष्पिकेत शेवटच्या पानावर, कालनिर्देश शकात. गोखले संस्थेत सरकारी अहवाल आणि जनगणनेचे खंड कसे लावतात ते शिकता येई. तिथे लेखक हा माणूस नसून खाते असते, आणि खात्यांची नावे बदलत राहतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेत पुस्तकापेक्षा नियतकालिकाचे महत्त्व मोठे, आणि पेठेतल्या वाचनालयात संध्याकाळी दिवाळी अंकासाठी रांग. पौड रस्त्यापासून गणेशखिंडीपर्यंतच्या अंतरात इतक्या प्रकारची ग्रंथालये ज्या विद्यार्थ्याला पाहता येतात त्याने ती पाहिलीच पाहिजेत.

१९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि पुढच्या वर्षीच्या महाराष्ट्र दिनापासून तो अमलात आला. आपल्या कायद्यात ग्रंथालय-कर नाही. लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार शासन अनुदान देते. अशी वाचनालये वाढत वाढत अकरा-बारा हजारांच्या घरात गेली. त्यांना लागणारे मनुष्यबळ पदवीच्या वर्गातून मिळणे शक्यच नव्हते, म्हणून शालान्त परीक्षेनंतरचा प्रमाणपत्र वर्ग हा दुसरा प्रवाह सुरू राहिला. तो मराठीत चाले, विद्यापीठाचा वर्ग मुख्यतः इंग्रजीत. या दोन प्रवाहांत जेवढी देवाणघेवाण व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, याची मला नेहमी खंत वाटते. मराठी पुस्तकांच्या तालिकीकरणाचा सर्वांत जास्त अनुभव तालुक्याच्या वाचनालयात काम करणाऱ्यांकडे होता, आणि त्या विषयावर प्रबंध लिहिणारे विद्यापीठात होते.

याच दशकात अनुदान आयोगाच्या, पुन्हा रंगनाथनांच्याच अध्यक्षतेखालील, समितीने देशातल्या सगळ्या ग्रंथालयशास्त्र वर्गांचा आढावा घेऊन १९६५ मध्ये अहवाल दिला. त्यानंतरच्या काळात देशभर जुन्या पदविकांचे बी.लिब.मध्ये रूपांतर झाले, त्यावर एक वर्षाची एम.लिब. ही पदव्युत्तर पदवी आली, आणि विषयाच्या नावाला ‘माहितीशास्त्र’ जोडले गेले. पुणेही याला अपवाद नव्हते. विज्ञानसंस्थांना पुस्तकाच्या पलीकडे लेख, अहवाल, एकस्वे (पेटंट) यांतली नेमकी माहिती हवी होती. दिल्लीचे इन्सडॉक हे वैज्ञानिक प्रलेखन केंद्र १९५२ पासून आणि रंगनाथनांनी बंगळूरला १९६२ मध्ये काढलेले प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र हे काम करतच होते. त्यामुळे नाव बदलणे योग्य होते. पण एकामागून एक दोन पदव्यांची रचना झाल्यावर बी.लिब.चे वर्ष घाईचे झाले. जे एका वर्षात सावकाश शिकायचे त्यात संगणक, माहितीप्रणाली, संशोधनपद्धती यांची भर पडत गेली, आणि जागा करून देताना दर वेळी प्रात्यक्षिकांचे तास कापले गेले. सिद्धान्ताचा तास वाढला की वेळापत्रक नीटनेटके दिसते. दाखल रजिस्टर कसे लिहितात हे न पाहता बी.लिब. झालेली मुले मुलाखतीला येऊ लागली, तेव्हा त्याची किंमत कळली.

संगणक आला तो हळूहळू आला. युनेस्कोने फुकट दिलेली सीडीएस-आयसिस ही ग्रंथालयाच्या नोंदी ठेवण्याची संगणकप्रणाली आधी आली. मग पुण्यातच तयार झालेली स्लिम, अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची सोल, आणि पुढे न्यूझीलंडमध्ये जन्मलेली व कोणालाही मोफत वापरता येणारी कोहा. इंग्रजी पुस्तकांची नोंद सोपी झाली. मराठी पुस्तकांनी मात्र पुन्हा तेच जुने प्रश्न उभे केले. सुरुवातीला देवनागरीची सोय नसल्याने अनेक ठिकाणी मराठी शीर्षके रोमन लिपीत भरली गेली आणि ‘कल’ व ‘कळ’ एकच झाले. नंतर देवनागरी आली ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये. प्रणाली बदलली की भरलेल्या नोंदी वाचता येईनात आणि काही ग्रंथालयांना सगळे काम पुन्हा करावे लागले. युनिकोडमुळे ही अडचण संपली, तेव्हा अकारविल्हेची अडचण समोर आली. युनिकोडच्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’ नंतर लगेच येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ च्या पुढे आहे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ आपण शेवटी म्हणतो, पण संगणक त्यांना जोडाक्षरे समजून ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात घालतो. अनुस्वाराचे चिन्ह व्यंजनांच्या आधी येत असल्याने ‘संत’ हा ‘सकाळ’च्या आधी लागतो. मराठीचा क्रम प्रणालीला वेगळा सांगावा लागतो, आणि तो सांगणाऱ्याला आधी तो क्रम माहीत असावा लागतो. पत्रकांच्या खणात ‘ज्ञानेश्वरी’ कुठे लावायची यावर ज्यांनी डोके चालवले होते, त्यांनाच ही चूक पडद्यावर पहिल्या दिवशी दिसली.

तालिकीकरण शिकण्यात वेळ का घालवायचा, याचे उत्तर इथे मिळते. संगणकावरील नोंदींच्या मार्क २१ या ठरलेल्या नमुन्यात ज्या चौकटी भरायच्या असतात त्या पत्रकावरच्याच नोंदी आहेत: १०० या क्रमांकात मुख्य लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ७०० मध्ये इतर व्यक्ती. गडकरी की गोविंदाग्रज, हा निर्णय संगणक घेत नाही. तुम्ही घेतलेला निर्णय तो क्षणात हजार ठिकाणी पोहोचवतो, आणि निर्णय चुकला असेल तर चूकही तितक्याच वेगाने पोहोचवतो. दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद तयार मिळते म्हणून उतरवून घ्यायची सोय आता आहे, पण मराठी पुस्तकांच्या बाबतीत ती नोंद तपासल्याशिवाय घेऊ नका.

आता अभ्यासक्रम कुठून करायचा याविषयी. विद्यापीठाच्या विभागाखेरीज पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात हे शिक्षण मिळते, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने मराठीतून अभ्यासपुस्तके काढून हा विषय गावोगाव नेला. नोकरी करणाऱ्या माणसासाठी मुक्त विद्यापीठाची वाट रास्त आहे. तिला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिथे एकच उणीव राहू शकते, ती प्रात्यक्षिकाची, आणि तुम्ही रोज ग्रंथालयातच असल्याने ती भरून काढणे तुमच्या हातात आहे. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचे असेल तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्यपातळीवरची) ही पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठच घेते. शाळेतच राहायचे असेल तर बी.लिब.नंतर थोडे थांबून, दोन-तीन वर्षे काम करून मग एम.लिब. करावे, असे मी सुचवीन. अनुभव घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर वर्गातले प्रश्न स्वतःचे वाटतात.

प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. आठवड्यात प्रात्यक्षिकाचे तास किती आहेत, त्यांत मराठी पुस्तके वापरतात का, आणि इंटर्नशिप कोणत्या ग्रंथालयांत व किती आठवड्यांची असते. आणि सध्या हाताशी शाळेचे ग्रंथालय आहेच, तर त्यातली मराठी पुस्तकांची दोन कपाटे घ्या, टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकांची यादी करा, प्रत्येकासाठी एक नाव मुख्य ठरवा आणि का ठरवले ते एका वहीत लिहा. वर्ग सुरू होईल त्या दिवशी ती वही बरोबर न्या. तालिकीकरण शिकवणाऱ्याला तिच्यावर तुमच्याशी पुष्कळ बोलता येईल.